मज्जारज्जूच्या तपासणीची ग्रेड हाताने काढावी की कॅल्क्युलेटरने?

प्रश्न थोडक्यात असा. नारळाच्या झाडावरून पडून मानेच्या मणक्याला मार लागलेला एक तरुण रुग्ण आहे. एशिया चार्ट, म्हणजे मज्जारज्जूच्या इजेत ताकद आणि संवेदनेचे मार्क नोंदवायचा तक्ता, भरल्यावर विभागातल्या सरांनी ग्रेड ‘सी’ लिहिली (ग्रेड ‘ए’ म्हणजे पूर्ण इजा, ‘ई’ म्हणजे नॉर्मल). प्रश्न विचारणाऱ्या फिजिओथेरपिस्टने तेच मार्क एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये भरले, तर उत्तर ‘बी’ आलं. आता धरायचं कोणाचं? कॅल्क्युलेटर हाताशी असताना नियम पाठ करायचे कशाला? आणि फोनवरच्या एआयला चार्ट दाखवून विचारलं तर चालेल का?

तुम्ही पाठवलेल्या मार्कांवर ‘बी’ हेच उत्तर बरोबर आहे. पण सरांकडे जाण्याआधी दोन गोष्टी पुन्हा बघून घ्या, कारण त्यातली एकही बदलली तर सरांची ‘सी’ खरी ठरू शकते. आधी हिशेब मांडतो, मग त्या दोन गोष्टींकडे येतो.

मज्जारज्जूच्या भागांना, म्हणजे सेगमेंटना, मानेत सी, छातीत टी, कमरेत एल आणि त्याखाली एस म्हणतात. हातापायांच्या काही सेगमेंटसाठी एकेक ठरलेला स्नायू, म्हणजे की मसल, असतो आणि त्याला ० ते ५ मार्क देतात. संवेदनेला ० ते २, त्यात २ म्हणजे पूर्ण. तुमच्या रुग्णाचे मार्क असे: उजवीकडे सी५ ला ५, सी६ ला ४, सी७ ला २, सी८ ला १, टी१ ला ०. डावीकडे सी५ आणि सी६ ला ५-५, सी७ ला ३, सी८ ला १, टी१ ला १. दोन्ही पायांचे सगळे की मसल ०. म्हणजे हातांची बेरीज २७, पायांची शून्य. संवेदना उजवीकडे सी५ पर्यंत पूर्ण, डावीकडे सी६ पर्यंत पूर्ण, त्याखाली लाइट टच (हलका स्पर्श) सगळीकडे १, आणि छातीपासून खाली पिनप्रिक (पिनचं टोचणं) ०. एस४-५ ला लाइट टच दोन्हीकडे १. गुदद्वारात खोल दाब जाणवतो, पण स्वतःहून आवळता येत नाही.

संवेदनेची लेव्हल, म्हणजे जिथपर्यंत संवेदना पूर्ण आहे तो सर्वांत खालचा सेगमेंट, उजवी सी५, डावी सी६. मोटर लेव्हल म्हणजे सर्वांत खालचा असा की मसल, ज्याला किमान ३ मार्क आहेत आणि ज्याच्या वरचं सगळं नॉर्मल आहे. म्हणून मोटर लेव्हल उजवी सी६, डावी सी७. या चारांत सर्वांत वरची ती न्यूरॉलॉजिकल लेव्हल: सी५. इथपर्यंत सरांचं आणि कॅल्क्युलेटरचं जुळलं असणार.

फरक पुढच्या पायरीवर पडला. एस४-५ ला संवेदना आहे म्हणजे इजा अपूर्ण, म्हणून ‘ए’ नाही. आता ‘बी’ की ‘सी’? नियम सांगतो की मोटर लेव्हलच्या खाली तीनपेक्षा जास्त सेगमेंटवर थोडी तरी हालचाल उरलेली असेल तर ‘सी’. हे मोजायचं त्या त्या बाजूच्या मोटर लेव्हलपासून. डावीकडे मोटर लेव्हल सी७, तिथून टी१ दोनच पायऱ्या खाली. उजवीकडे सी६ पासून सी८ दोन पायऱ्या. तीनच्या पुढे कुठेच काही नाही. म्हणून ‘बी’. पण हीच मोजणी न्यूरॉलॉजिकल लेव्हलपासून, म्हणजे सी५ पासून केली, तर डावीकडचा टी१ चौथ्या पायरीवर येतो, तिथे १ मार्क आहे, आणि ग्रेड ‘सी’ होते. सरांनी बहुधा हेच केलं असावं. अनुभवी माणसांच्या हातूनही हे सर्रास होतं, कारण लगेच पुढच्या पायरीवर, ‘सी’ आणि ‘डी’ वेगळे करताना, नियम खरोखरच एकच न्यूरॉलॉजिकल लेव्हल धरायला सांगतो. एकाच चार्टवर दोन निर्णय, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणापासून मोजायचे. रात्री बारा वाजता, तीन पेशंट बाकी असताना, हे डोक्यात उलटसुलट होणं अगदी साहजिक आहे.

आता त्या दोन गोष्टी. पहिली: पायात की मसल सोडून दुसरी कुठली हालचाल आहे का? २०११ च्या आवृत्तीपासून ‘बी’ आणि ‘सी’ ठरवताना की मसलबाहेरचे स्नायूही धरता येतात. मांड्या एकमेकींजवळ ओढायला सांगा. ती हालचाल एल२ ची. तिथे स्वतःच्या इच्छेने किंचित जरी आकुंचन जाणवलं, तरी ते मोटर लेव्हलच्या कितीतरी खाली आहे आणि ग्रेड ‘सी’ होते. मग गुडघा वाकवणं, घोटा आत-बाहेर वळवणं, पायाची बोटं दुमडणं हेही बघा. कॅल्क्युलेटरमध्ये यासाठी वेगळी जागा असते: प्रत्येक बाजूला हालचाल उरलेला सर्वांत खालचा नॉन-की स्नायू. ती जागा आपण रिकामी सोडली तर कॅल्क्युलेटर ‘काही नाही’ असंच समजतो.

दुसरी गोष्ट गुदद्वार आवळण्याची. ते थोडंसं जरी स्वतःहून जमलं तर पायात एकही हालचाल नसताना ग्रेड ‘सी’ होते. यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या चार्टमधला सर्वांत कच्चा भाग हाच असतो.

पीआर (गुदद्वारात बोट घालून तपासणी) न करता भरलेले चार्ट मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. कारणं समजण्यासारखी असतात: वॉर्डात पडदा नाही, रुग्ण स्त्री आहे आणि तपासणारा पुरुष, नातेवाईक हलत नाहीत, ‘आत्ताच तर ऑपरेशन झालंय’ म्हणून संकोच. मग एस४-५ च्या चौकटीत वरच्या ओळीचेच आकडे उतरवले जातात, आणि त्या एका ओळीवर ‘ए’ की अपूर्ण, हा सगळ्यात मोठा निर्णय उभा असतो. एस४-५ म्हणजे गुदद्वाराच्या कडेला एक सेंटिमीटरच्या आतली त्वचा. नितंब बाजूला केल्याशिवाय ती दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती तपासलेली नाही. स्त्री रुग्ण असेल तर स्त्री सहकारी सोबत घ्या, काय करणार आणि का करणार ते आधी साध्या शब्दांत सांगा. ‘शी रोखून धरताना आवळता, तसं माझ्या बोटाभोवती आवळा आणि आता सैल सोडा’, असं दोन-तीनदा करून घ्या. सांगितल्यावर आवळलं आणि सांगितल्यावर सोडलं, तरच ते स्वतःहून केलेलं. बोट आत गेल्याबरोबर जे आकुंचन होतं ते रिफ्लेक्स असतं. श्वास कोंडून पोटावर जोर दिला की जे जाणवतं तेही धरायचं नाही. एस४-५ ला लाइट टच किंवा पिनप्रिक असेल तर खोल दाबाची तपासणी नियमाने बंधनकारक नाही, पण आवळण्याची तपासणी तरीही करावीच लागते.

पिनप्रिकचंही तसंच. तिथे ० म्हणजे काहीच जाणवत नाही, एवढाच अर्थ नाही. रुग्णाला स्पर्श जाणवतो पण टोकदार की बोथट हे ओळखता येत नाही, तरीही ०. ओळखता येतं पण गालावर जितकं टोचतं तितकं टोचत नाही, किंवा जास्तच झोंबतं, तर १. ‘टोचतंय का?’ असा प्रश्न विचारूच नये. आपल्या गावाकडची माणसं डॉक्टरांना नाराज करायला नको म्हणून ‘हो’ म्हणतात, आणि चार्टवर १ पडतो. डोळे मिटायला सांगा, सेफ्टी पिनची दोन्ही टोकं क्रम न ठरवता वापरा आणि विचारा: ‘आत्ता टोकदार लागलं की बोथट?’ शंका असेल तर दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखलं पाहिजे, हा सर्वमान्य निकष आहे. तुमच्या रुग्णाला एस४-५ ला पिनप्रिक ० आहे असं लिहिलंय, ते पुन्हा एकदा शांतपणे तपासा. ग्रेड त्याने बदलणार नाही, पण ‘बी’ ग्रेडमध्ये त्या भागातली पिनप्रिक टिकून असेल तर पायांची ताकद परतण्याची आशा जास्त असते, आणि घरचे लोक तुम्हाला विचारणार आहेत ते नेमकं तेच.

हाताच्या स्नायूंत दोन चकवे नेहमीचे आहेत. मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात. ती सी८ ची (बोटं मिटण्याची) ताकद नसते, नुसता कंडऱ्यांचा ताण असतो. म्हणून मनगट धरून ठेवून मधल्या बोटाचं शेवटचं पेर वाकवायला सांगायचं. तसंच खांदा बाहेर फिरवला की कोपर वजनानेच सरळ होतं आणि सी७ ला (कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सला) २ किंवा ३ पडतात. ट्रायसेप्सवर बोट ठेवून बघा. तुमच्या रुग्णाचा डावा सी७ जर खरोखर ३ नसून २ असेल, तर डावी मोटर लेव्हल सी६ होते. ग्रेड तरीही ‘बी’च राहते, कारण टी१ तिथून तीन पायऱ्यांवर आहे, तीनच्या पुढे नाही.

आता मूळ प्रश्न: नियम पाठ कशाला करायचे?

या तपासणीचा इतिहास पाहिला तर उत्तर सापडतं. १९६९ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातून फ्रँकेल आणि सहकाऱ्यांनी ए ते ई ही पाच अक्षरं दिली. ती सोपी होती, पण ‘उपयोगी ताकद’ म्हणजे किती, हे बघणाऱ्यावर अवलंबून होतं. १९८२ मध्ये अमेरिकन स्पायनल इंजुरी असोसिएशनने (हीच ती ‘एशिया’) प्रमाणित नियम काढले, १९९२ मध्ये फ्रँकेलच्या जागी आजची इम्पेअरमेंट स्केल आली, आणि नंतरच्या प्रत्येक सुधारणेत एकेक संदिग्धता बंद करत नियम काटेकोर होत गेले. संदिग्धता गेली, पण त्याबरोबर नियमांचा गुंता वाढला. दोन्ही बाजू मिळून ५६ ठिकाणी लाइट टच, ५६ ठिकाणी पिनप्रिक, २० स्नायू आणि गुदद्वाराच्या दोन नोंदी. एवढ्या आकड्यांवर अटींच्या आत अटी लावून उत्तर काढणं हे संगणकाचं काम आहे, आणि ते त्याच्याकडे सोपवण्यात कमीपणा नाही. युरोपातल्या मज्जारज्जू केंद्रांच्या एम्स्की या जाळ्यासाठी हायडेलबर्गच्या गटाने असा प्रोग्राम लिहिला. कॅनडात व्हँकुव्हरच्या रिक हॅन्सन इन्स्टिट्यूटने, जिचं नाव आता प्रॅक्सिस स्पायनल कॉर्ड इन्स्टिट्यूट आहे, असाच एक प्रोग्राम करून कोणालाही वापरता येईल असा खुला ठेवला. अशा प्रोग्रामनी माणसांनी आधी काढलेली उत्तरं तपासली तेव्हा ठरावीक ठिकाणी चुका वारंवार दिसल्या, आणि मोटर लेव्हल त्यात अग्रभागी होती. जगभरच्या औषध-चाचण्या अशा आकड्यांवर अवलंबून असतात, म्हणून मोठ्या नोंदवह्यांत आता संगणकानेच ग्रेड काढणं योग्य मानलं जातं.

मोटर लेव्हल का चुकते, तेही सांगतो. जिथे तपासायला की मसलच नाही, म्हणजे सी१ ते सी४, टी२ पासून एल१ पर्यंत आणि एस१ च्या खाली, तिथे मोटर लेव्हल संवेदनेच्या लेव्हलवरून धरतात. समजा संवेदना टी१० पर्यंत नॉर्मल, टी११ पासून बदललेली, आणि पायांचे सगळे की मसल ५. बहुतेक जण मोटर लेव्हल एस१ किंवा ‘नॉर्मल’ लिहितात. नियमाने ती टी१०, कारण मधले सेगमेंट संवेदनेने नॉर्मल नाहीत, म्हणून त्यांची मोटर बाजूही नॉर्मल धरता येत नाही. मानेतही तसंच: सी४ ला संवेदना बदललेली असेल तर दंड कितीही ताकदवान असो, मोटर लेव्हल सी३ वर जाते. मनाला हे पटत नाही, आणि म्हणूनच हाताने काढताना लोक नकळत ‘दुरुस्त’ करतात. संगणक करत नाही.

‘सी’ आणि ‘डी’ वेगळे करतानाही मनाचा कौल आडवा येतो. न्यूरॉलॉजिकल लेव्हल सी५ असेल तर खाली १८ की मसल येतात, त्यातल्या किमान ९ ना ३ किंवा जास्त मार्क असले की ‘डी’. निम्मे म्हणजे नेमके निम्मेही चालतात. सेंट्रल कॉर्डच्या (मज्जारज्जूच्या मधल्या भागाला इजा झालेल्या) रुग्णात पाय चांगले आणि हात जवळजवळ निकामी असतात: पायांचे दहाही स्नायू ३ च्या वर, हातांचे सी६ पासून टी१ पर्यंत सगळे ३ च्या खाली. १८ पैकी १०, ग्रेड ‘डी’. त्या माणसाला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही आणि कागदावर ‘डी’! डॉक्टरांना ते खुपतं आणि ते ‘सी’ लिहितात. पण ग्रेड हे त्याच्या हाताचं दुःख मोजायला केलेलं मापच नाही. त्यासाठी हातांची बेरीज वेगळी लिहा, रोजच्या कामांसाठी एससीआयएम ही स्वावलंबन मोजणारी पट्टी भरा. ग्रेडला तिचं काम करू द्या.

तेव्हा माझं मत असं: नियम पाठ करायचे ते कॅल्क्युलेटरशी स्पर्धा करायला नाही, त्याचं उत्तर वाचता यावं म्हणून. तुम्हाला ‘बी’ आणि ‘सी’मधला नियम माहीत नसता, तर आज सरांसमोर फक्त ‘वेबसाइट असं म्हणते’ एवढंच म्हणता आलं असतं, आणि त्यात तुमचंही समाधान नव्हतं, सरांचंही. शिवाय कॅल्क्युलेटरला चुकीचे मार्क दिले तर तो त्यांच्यावर तितक्याच ठामपणे बरोबर हिशेब करून देतो. एखादा आकडा चुकून ५ चा ० पडला की लेव्हल उडी मारून वर जाते, आणि ती उडी ओळखायला नियम डोक्यात लागतात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच क्रम सांगतो. खाटेशी उभं राहून कागदावर मार्क भरा. तिथेच पेन्सिलने स्वतःचं उत्तर लिहा. मग संगणकात भरा. जुळलं तर पुढे जा. नाही जुळलं तर आधी भरलेले आकडे कागदाशी ताडून बघा, मग नियम बघा, आणि तरीही फरक राहिला तर रुग्णाकडे परत जाऊन शंकेची जागा तपासा. नियमाच्या मुद्द्यावर शेवटी संगणकाचं उत्तर लिहायचं. तपासणीच्या मुद्द्यावर तुमच्या हाताचं. इंडोर पेपरवर निव्वळ ‘सी५ एशिया बी’ असं लिहून कागद फेकू नका. पूर्ण चार्ट ठेवा. पुढच्या केंद्रात कोणी वेगळ्या आवृत्तीने पुन्हा हिशेब केला तर मूळ मार्कांवरूनच तो होऊ शकतो.

सरांशी बोलताना चार्ट समोर ठेवून विचारा: ‘सर, टी१ चा हा १ डाव्या मोटर लेव्हलपासून मोजायचा की न्यूरॉलॉजिकल लेव्हलपासून?’ प्रश्न असा ठेवला की चर्चा माणसावर जात नाही.

कॅल्क्युलेटरचा खरा कस लागतो तो ‘एनटी’ आणि चांदणीच्या खुणेत, आणि यात तो आपल्याला फार मोठी मदत करतो. एनटी म्हणजे तपासता आलं नाही. समजा तुमच्या याच रुग्णाच्या डाव्या मनगटाला प्लास्टर असतं आणि सी६ तपासता आला नसता. तो ५ असता तर डावी मोटर लेव्हल सी७, ३ किंवा ४ असता तर सी६, त्याहून कमी असता तर सी५. शेवटच्या शक्यतेत टी१ चा तो १ मार्क चौथ्या पायरीवर जातो आणि ग्रेड ‘सी’ होते. म्हणजे प्रामाणिक उत्तर आहे ‘बी किंवा सी’, आणि न्यूरॉलॉजिकल लेव्हल मात्र उजव्या संवेदनेमुळे सी५ ठाम. चांगला प्रोग्राम सर्व शक्यता लावून बघतो आणि हेच सांगतो: काय ठरतं आणि काय ठरत नाही. हाताने काढणारा माणूस इथे एकतर सगळंच ‘ठरवता येत नाही’ म्हणून सोडतो, नाहीतर एनटीच्या जागी ० टाकतो. तो ० टाकला की निखालस खोटी ‘सी’ मिळते. कृपा करून कधीही एनटीच्या जागी ० लिहू नका. रुग्ण शुद्धीवर नाही, दारू चढलेली आहे, डोक्याला मार आहे, गुंगीचं औषध चालू आहे, तर एनटी लिहा आणि नंतर पुन्हा तपासा. पहिल्या काही तासांतल्या चार्टवर पुढचं भाकीत करू नये. साधारण ७२ तासांच्या सुमाराची तपासणी त्यासाठी जास्त भरवशाची.

चांदणीची खूण २०१९ च्या आवृत्तीत व्यवस्थित बसवली गेली. कमी मार्क मज्जारज्जूमुळे नसून दुसऱ्या कारणाने आहेत, असं ती सांगते. आपल्याकडे मोटरसायकलचे अपघात इतके आहेत की हे रोजचं उदाहरण आहे: पाठीत टी१० ला इजा, आणि त्याच अपघातात उजव्या ब्रेकियल प्लेक्ससची (हाताला जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची) दोरी तुटलेली. उजव्या हाताचे मार्क ० येतात. चांदणी न टाकता भरलं तर न्यूरॉलॉजिकल लेव्हल थेट मानेत जाते आणि पॅराप्लेजियाचा (हात शाबूत असलेला) रुग्ण कागदावर टेट्राप्लेजियाचा (हात-पाय दोन्ही बाधित) होतो. चांदणी टाकून, कारण लिहून, ‘वर्गीकरणासाठी नॉर्मल धरावं’ असं नोंदवलं की लेव्हल टी१० वरच राहते. मात्र हे ‘नॉर्मल धरावं’ संगणक ठरवत नाही. ते तुम्ही, एमआरआय आणि नर्व्ह स्टडी समोर ठेवून, ठरवायचं असतं. जुना मधुमेह, जुनं फ्रॅक्चर, खांद्याचं दुखणं, सगळ्यांना हेच लागू.

आवृत्तीचा मुद्दा एवढ्यासाठी महत्त्वाचा की झोन ऑफ पार्शल प्रिझर्व्हेशनची, म्हणजे लेव्हलच्या खाली थोडी हालचाल किंवा संवेदना उरलेल्या भागाची, व्याख्या २०१९ मध्ये बदलली. आधी ती फक्त ‘ए’ ग्रेडच्या रुग्णात लिहायची. आता गुदद्वार आवळता येत नसेल तर मोटर झोन लिहायचा, मग ग्रेड ‘बी’ असली तरी. तुमच्या रुग्णात तो उजवीकडे सी८ आणि डावीकडे टी१ येतो. एस४-५ ला संवेदना असल्यामुळे संवेदनेचा झोन लागू नाही. तुमच्या कॅल्क्युलेटरने तिथे काहीच दिलं नसेल, तर तो जुन्या नियमांवर चालतो आहे असं समजा.

काही विभागांत कोणीतरी हौसेने केलेली एक्सेल शीट पिढ्यान्‌पिढ्या फिरत असते. ती वाईट असतेच असं नाही, पण वापरण्याआधी तिला अवघड केसेस घालून बघा. वर दिलेला तुमचा रुग्ण घाला: उत्तर बी यायला हवं. त्यालाच एल२ चा नॉन-की स्नायू जोडा: सी. तो काढून फक्त गुदद्वार आवळणं ‘हो’ करा: पुन्हा सी. टी१० ची संवेदना आणि पूर्ण ताकदीचे पाय: मोटर लेव्हल टी१०, आणि ग्रेड डी. सी५ च्या खाली बरोबर ९ स्नायू ३ च्या वर: डी. सी६ ला एनटी घाला आणि शीट काय म्हणते ते बघा. तिने एनटीला गुपचूप शून्य धरलं तर ती शीट रुग्णांसाठी वापरू नका. सगळं नॉर्मल घातलं की काही शीट ‘ई’ देतात. ‘ई’ फक्त आधी कमतरता नोंदलेली होती अशा रुग्णालाच देता येते, हे संगणकाला ठाऊक नसतं. आणि सहा वर्षांखालच्या मुलांत ही तपासणीच पुरेशी भरवशाची नाही, मग हिशेब कोणीही केला तरी.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ही ग्रेड वापरून टक्केवारी काढू नका. ती सरकारच्या वेगळ्या नियमांनी निघते.

राहिला एआयचा प्रश्न. एशिया चार्टचे कॅल्क्युलेटर हे पक्क्या नियमांवर चालतात: तेच मार्क दहा वेळा घातले तर दहा वेळा तेच उत्तर. गप्पा मारणाऱ्या एआयचं तसं नाही. तो ओघवत्या भाषेत कारणमीमांसा देईल, आणि मोटर लेव्हलऐवजी न्यूरॉलॉजिकल लेव्हलपासून मोजण्याची चूक तोही करू शकतो, फक्त जास्त आत्मविश्वासाने. एखादा नियम समजावून घ्यायला त्याला विचारलंत तर हरकत नाही, पण ते उत्तर मूळ नियमाशी ताडून बघा. ग्रेड मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नका. चार्टचा फोटो तर कुठेच टाकू नका. त्यावर रुग्णाचं नाव, वय, नोंदणी क्रमांक असतो. नियमांवर चालणाऱ्या कॅल्क्युलेटरला उत्तर काढायला यातलं काहीही लागत नाही, त्याला नुसते मार्क पुरतात.